प्रोस्टेटचा ब्लॉक जपा, रिपोर्ट पूर्ण लिहा: युरोलॉजिस्ट आणि पॅथॉलॉजिस्ट मंडळींना खुलं पत्र

महाराष्ट्रातल्या सगळ्या युरोलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि हॉस्पिटल चालवणाऱ्या मंडळींना,

सप्रेम नमस्कार.

मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, निदान मी करत नाही, पण तुम्ही पाठवलेला प्रत्येक तुकडा मेणात बसवून त्याचा ब्लॉक बनतो आणि मायक्रोस्कोपखाली जायच्या आधी तो माझ्यासारख्यांच्या हातातून जातो, त्यामुळे प्रोस्टेटच्या बायोप्सीचं आपल्याकडे नेमकं काय होतं ते जवळून दिसतं, आणि जे दिसतं ते कुणीतरी बोलायला हवं म्हणून हे पत्र.

प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला की पेशंटला एवढंच कळून घ्यायचं असतं, की हा माझा जीव घेणार की म्हातारपणभर नुसता अंगात पडून राहणार. दोन्ही प्रकारचे असतात आणि आपल्या वाट्याला कुठला आलाय हे बरंचसं त्या पेशींकडे बघूनच कळतं. हल्ली त्यासाठी नवे मार्कर, म्हणजे आजार पुढे कसा वागेल ते सांगणाऱ्या खुणा, आलेत, जीन टेस्ट आल्यात, कॉन्फरन्समध्ये त्यावर भाषणं होतात. चांगलंच आहे. पण ज्या टिश्यूवर हे सगळं करायचं तो टिश्यूच आपण चुकीच्या बाटलीत, ॲसिडमध्ये आणि पत्र्याच्या स्टोअररूममध्ये घालवतोय, आणि साध्या स्लाइडवर जे फुकटात दिसतं तेसुद्धा रिपोर्टात लिहीत नाही. आधी हे सुधारूया, एवढीच विनंती आहे, आणि ती का करतेय ते जरा सविस्तर सांगते.

सगळ्यात जुना मार्कर म्हणजे ग्लीसन. डोनाल्ड ग्लीसन अमेरिकेत मिनियापोलिसच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात पॅथॉलॉजिस्ट होते, त्यांनी १९६६ मध्ये ही पद्धत मांडली. एकेक पेशी किती विचित्र दिसते ते बघत बसायचं नाही, कमी पॉवरवर ग्रंथींची रचना किती बिघडलीय ते बघायचं, १ ते ५ मध्ये नंबर द्यायचा आणि मुख्य व त्याखालोखालच्या अशा दोन रचनांच्या नंबरांची बेरीज करायची. आता साठ वर्षं होत आली, मधल्या काळात इतक्या टेस्ट आल्या, तरी पेशंटचं पुढे काय होणार याचा अंदाज बांधताना आजही सगळ्यात आधी हाच आकडा बघतात. महागडं किट लागत नाही, साधी गुलाबी-जांभळी एच अँड ई स्लाइड लागते आणि ती नीट बघणारा अनुभवी डोळा लागतो.

आणि आपल्याकडे कितीतरी रिपोर्ट कसे येतात? "अ‍ॅडेनोकार्सिनोमा, ग्लीसन स्कोअर ७." बस, संपलं. अहो, ३ अधिक ४ सात आणि ४ अधिक ३ पण सातच, पण पहिल्यात जास्त बिघडलेली रचना, म्हणजे पॅटर्न ४, थोडी असते आणि दुसऱ्यात तीच जास्त असते, आणि दुसऱ्या पेशंटचा आजार पसरायची भीती बरीच मोठी असते. म्हणून तर २०१४ ला शिकागोत जगभरचे पॅथॉलॉजिस्ट बसले आणि पाच ग्रेड ग्रुप ठरवले, ३ अधिक ४ म्हणजे ग्रुप २, ४ अधिक ३ म्हणजे ग्रुप ३, आणि २०१६ ला जागतिक आरोग्य संघटनेनं ते स्वीकारले. त्यात पेशंटचाही फायदा आहे. जुना ग्लीसन ६ म्हणजे आता ग्रुप १. दहापैकी सहा म्हटलं की माणूस समजतो की अर्ध्याच्या वर गेलंय, आता काही खरं नाही, आणि पाचपैकी एक म्हटलं की त्याला बरोबर कळतं की आपण सगळ्यात खालच्या पायरीवर आहोत. तरीही आज ग्रेड ग्रुप न लिहिलेले रिपोर्ट सर्रास हातात येतात.

ग्रुपसोबत अजूनही लिहायला हवं. किती कोअर (सुईनं काढलेले बारीक धागे) काढले, त्यातल्या कितींत कॅन्सर, कुठल्या बाजूच्या, प्रत्येकात किती टक्के, पॅटर्न ४ किती टक्के, आणि त्या पॅटर्न ४ मध्ये क्रिब्रिफॉर्म रचना आहे का, म्हणजे चाळणीसारखी भोकं भोकं दिसणारी. क्रिब्रिफॉर्म आणि इंट्राडक्टल (कॅन्सर ग्रंथींच्या नळ्यांच्या आत वाढणं) या दोन गोष्टी दिसल्या की आजार जास्त आक्रमक असतो हे आता नीट सिद्ध झालंय, त्यासाठी वेगळी टेस्ट करायची नाही, वेगळा पैसा नाही, तीच स्लाइड आहे, फक्त ओळ लिहायची आहे. "दिसत नाही" असं असेल तर तेही लिहा, कारण लिहिलंच नाही तर पुढच्या डॉक्टरला कळत नाही की नव्हतं की बघितलंच नाही.

आता बाटलीकडे येते, कारण पॅथॉलॉजिस्टनं सगळं लिहायचं ठरवलं तरी बाटलीतच घोळ झालेला असतो.

सुईनं काढलेला कोअर म्हणजे शेवईपेक्षा जाड नसतो, जेमतेम मिलिमीटरभर, लांबी एक-दीड सेंटिमीटर. असे साधारण बारा काढतात, प्रोस्टेटच्या उजव्या-डाव्या, वरच्या-मधल्या-खालच्या भागातून. ते बाराच्या बारा एकाच बाटलीत टाकून आले की एकमेकांत गुंततात, सोडवताना तुटतात, आणि मग माझ्यासमोर बारा धाग्यांच्या जागी तीस-एक बारीक तुकडे असतात. कुठला उजवा, कुठला डावा? कितींत कॅन्सर होता? कुणालाच सांगता येत नाही. एका कोअरमध्ये थोडासा कॅन्सर असलेला माणूस आणि सहा कोअर भरलेला माणूस, दोघांचा रिपोर्ट मग सारखाच दिसतो. सर, मॅडम, तुम्ही त्या माणसाला भूल दिली, बारा वेळा सुई मारली, रक्त-इन्फेक्शनचा धोका पत्करला आणि शेवटी एक बाटली वाचवायला सगळी माहिती घालवली, हे बघून खूप वाईट वाटतं.

त्यात फॉर्मॅलिन, म्हणजे टिश्यू सडू नये म्हणून वापरायचं रसायन. बाटली बहुतेक वेळा नातेवाइकाच्याच हातात देतात, जा लॅबमध्ये देऊन या म्हणून, तो बिचारा पिशवीत घालून एसटीनं येतो, कधी त्याच दिवशी, कधी गावी जाऊन दोन दिवसांनी. आत फॉर्मॅलिन असेल तर निभावतं. पण सलाइनमध्ये टाकलेले कोअर येतात, नळाच्या पाण्यात अंदाजानं पातळ केलेलं फॉर्मॅलिन येतं, त्याचा वास नाकाला लागला की आम्हाला बाटली उघडतानाच कळतं. सलाइनमधल्या पेशी सडायला लागतात, न्यूक्लियस पुसट होतात, ग्रंथीच्या कडा हरवतात. बफर नसलेलं फॉर्मॅलिन ॲसिडिक होत जातं आणि डीएनए तोडतं, आणि हे साध्या स्लाइडवर दिसत नाही, काही वर्षांनी जीन टेस्ट करायला जाल तेव्हा कळतं. दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन ही काही दुर्मिळ चीज नाही हो, अगदी स्वस्तात मिळतं.

लॅबवाल्यांनाही सांगायचंय, म्हणजे आमच्याच लोकांना. कोअरचा ब्लॉक मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या मशीनवर, लावला की पहिल्यांदा सपाट पृष्ठभाग येईपर्यंत काही टिश्यू जातोच. पुन्हा इम्युनो, म्हणजे अँटिबॉडीनं रंगवायची टेस्ट, करायला तोच ब्लॉक परत लावला की परत तेच, आणि मिलिमीटरभर जाडीच्या कोअरमध्ये जायला असतंच काय, छोटासा संशयास्पद फोकस होता तो दुसऱ्या कटिंगमध्ये गायबच झाला असं किती वेळा होतं ते सगळे टेक्निशियन जाणतात. म्हणून पहिल्याच वेळी मधले काही सेक्शन न रंगवता चार्ज्ड स्लाइडवर (जिच्यावर टिश्यू घट्ट चिकटतो) घेऊन ठेवायचे. पी६३, हाय मॉलिक्युलर वेट सायटोकेराटिन आणि एएमएसीआर हे इम्युनो लावून कॅन्सर आहे की नाही हे पक्कं करायचं असो, की पुढे मार्कर बघायचे असोत, तेच सेक्शन कामाला येतात. पाच-दहा मिनिटं जास्त लागतात, पण त्यानं पेशंटची दुसरी बायोप्सी वाचू शकते.

एवढं बारीक कशाला बघायचं, कॅन्सर आहे ना, मग काढून टाकू, असं तुमच्यातले काहीजण म्हणतात ते मी ऐकलंय. ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाची मोठी ट्रायल झाली. लवकर सापडलेला प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं, एकाला ऑपरेशन, एकाला रेडिएशन, एकावर नुसतं लक्ष ठेवायचं. पंधरा वर्षांचा निकाल २०२३ ला आला. तिन्ही गटांत मिळून साधारण तीनच टक्के लोक प्रोस्टेट कॅन्सरनं गेले, गटागटांत म्हणावा असा फरक नाही. पण लक्ष ठेवलेल्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण ९.४ टक्के होतं, ऑपरेशनमध्ये ४.७ आणि रेडिएशनमध्ये ५. म्हणजे बहुतेकांना घाई नव्हती, पण थोड्यांना होती. हे थोडे कोण ते आधी ओळखायचं, त्यासाठीच तर मार्कर. आणि ज्याला गरज नव्हती त्याचं ऑपरेशन झालं तर तो पुढची वर्षं लघवी गळते म्हणून पॅड लावून फिरतो, बायकोशी बोलायचं टाळतो, आणि घरचे म्हणतात चला जीव तरी वाचला, जो तसाही जाणार नव्हता. खेड्यातला पेशंट फॉलोअपला परत येत नाही, म्हणून लक्ष ठेवणं परवडत नाही, हा तुमचा मुद्दा मला मान्य आहे, मी असे पेशंट बघते. पण मग तर पहिला रिपोर्ट अजूनच पक्का हवा ना, कारण त्या माणसाच्या बाबतीत तो एकच रिपोर्ट तुमच्या हातात असणार आहे.

आता नव्या मार्करबद्दल. इथे मला उलट बाजूनं बोलायचंय.

काही ठिकाणी प्रोस्टेट बायोप्सीसोबत सरसकट "प्रॉग्नोस्टिक पॅनल", म्हणजे पुढचा अंदाज सांगणाऱ्या टेस्टचा गठ्ठा, लावतात आणि त्यात केआय-६७ असतंच. वाढीच्या चक्रात असलेल्या पेशींच्या न्यूक्लियसला ते ब्राउन रंग आणतं, १९८३ ला जर्मनीतल्या कीलमध्ये सापडलेली ही अँटिबॉडी. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये सवय झालीय म्हणून प्रोस्टेटलाही करतात. जास्त केआय-६७ म्हणजे पुढे वाईट, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, नाही असं नाही. पण प्रोस्टेटच्या बहुतेक गाठींत हा आकडा मुळात लहान असतो, कुठून पुढे "जास्त" म्हणायचं यावर एकमत नाही, आणि सगळ्यात गडद भाग मोजला की सरासरी घेतली यावर एकाच स्लाइडचे दोन आकडे येतात. नातेवाइकाच्या हातात "केआय-६७: ८ टक्के" एवढाच कागद ठेवून त्याला नेटवर सोडून देऊ नका. उपचार बदलणार नसेल तर त्याच्याकडून पैसे घेऊ नका, आणि बदलणार असेल तर कसा ते लिहा.

ईआरजीचंही तसंच. २००५ ला मिशिगन विद्यापीठातल्या टीमनं टीएमपीआरएसएस२ आणि ईआरजी ही दोन जीन प्रोस्टेट कॅन्सरमध्ये एकमेकांना जोडलेली शोधली, फार मोठा शोध होता तो. गोऱ्या पेशंटमध्ये जवळजवळ निम्म्यांत ती जोडणी सापडते, आशियाई लोकांत कमी. पण नुसतं ईआरजी पॉझिटिव्ह आलं म्हणून या माणसाचं काय होणार हे ठरत नाही.

पीटीईएन मात्र मला जास्त कामाचं वाटतं. हा पेशीच्या वाढीला ब्रेक लावणारा जीन, तो गेला की इम्युनोत कॅन्सरच्या ग्रंथी रंग न घेता फिकट राहतात आणि शेजारच्या नॉर्मल पेशी ब्राउन दिसतात, म्हणजे कंट्रोल त्याच स्लाइडवर मिळतो. बायोप्सीत ग्लीसन ६ दिसतोय पण पीटीईएन गेलेला आहे, अशांच्यात ऑपरेशननंतर वरचा ग्रेड निघायची शक्यता जास्त असते असं दाखवलं गेलंय. खर्च साध्या इम्युनो एवढाच, परदेशी सँपल पाठवायची गरज नाही. थांबायचं की उपचार करायचा अशा कुंपणावरच्या पेशंटसाठी तुम्ही तो मागितलात तर त्यात अर्थ आहे. सगळ्यांना सरसकट नको.

रक्तातल्या कॅन्सर पेशी मोजायची टेस्ट पण आहे, साडेसात मिलि रक्तात पाच किंवा जास्त सापडल्या तर पसरलेल्या आजारात लक्षण चांगलं नाही, आणि त्याच पेशींत एआर-व्ही७ (हार्मोन रिसेप्टरचं बदललेलं रूप) असेल तर एन्झालुटामाइड आणि अबिराटेरोन या हार्मोनवरच्या औषधांचा फारसा उपयोग होत नाही असं २०१४ ला जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी दाखवलं. आपल्या जिल्ह्याच्या गावात ते रोजचं काम नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

पण बीआरसीए२ या जीनवर लिहायलाच हवं, कारण आपल्याकडे कितीतरी पेशंट येतात तेच हाडांत पसरल्यावर, कंबर दुखतेय म्हणून महिनोन्‌महिने मलम चोळून झाल्यावर, पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचा आकडा, शेकड्यांत असताना. त्यांच्यात थांबायचं की नाही हा प्रश्नच नसतो, औषध कुठलं हा असतो. बीआरसीए२ बिघडलेला असेल तर आजार आक्रमक असतो, पण त्यावर ओलापारिबसारखं औषध चालतं. २०२० ला प्रोफाउंड ट्रायलचा निकाल आला आणि त्याच वर्षी अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. काही जणांत हा दोष जन्मापासून असतो, तो रक्तातून कळतो, आणि मग तो त्याच्या मुलींमध्ये, बहिणींमध्येही असू शकतो, ब्रेस्ट आणि ओव्हरीच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा. आजोबांचा प्रोस्टेटचा रिपोर्ट लेकीच्या कामाचा असतो हे किती घरांना आपण सांगतो? आणि काही जणांत दोष फक्त गाठीत असतो, तो बघायला गाठीचा ब्लॉकच लागतो.

त्याच प्रोफाउंड ट्रायलमध्ये ४,०४७ पुरुषांचा टिश्यू तपासायला घेतला होता, आणि निकाल लागला २,७९२ जणांचा. एकोणसत्तर टक्के. एवढी मोठी आंतरराष्ट्रीय ट्रायल, उत्तम लॅब, तरी दर दहातल्या तिघांचा टिश्यू उत्तर देऊ शकला नाही, कुठे कॅन्सरच्या पेशी कमी, कुठे ब्लॉक जुना, कुठे डीएनए तुटलेला. मग आपल्या सलाइनच्या बाटल्यांचं काय होत असेल विचार करा. हाडाची बायोप्सी तर अजून नाजूक. हाड मऊ करायला नायट्रिक ॲसिडसारख्या कडक ॲसिडमध्ये ठेवलं की कटिंग लवकर होतं, रिपोर्ट लवकर जातो, आणि डीएनए संपतो. ईडीटीए या सौम्य द्रावणात वेळ लागतो पण जीन टेस्टची वाट शिल्लक राहते. रिक्विझिशन फॉर्मवर "पुढे मॉलिक्युलर टेस्ट करायची शक्यता" एवढं लिहिलंत तरी आम्हाला कळतं काय करायचं. फॉर्मवर बहुतेक वेळा नाव, वय आणि "बायोप्सी" एवढंच असतं, पीएसएचा आकडासुद्धा नसतो.

हॉस्पिटल चालवणाऱ्यांना एक प्रसंग सांगते. एक मुलगा वडिलांचा ब्लॉक शोधत होता, मोठ्या सेंटरनं मागितला होता. जिथे बायोप्सी झाली तिथे गेला तर ते म्हणाले लॅबकडे आहे, लॅब म्हणाली हॉस्पिटलला परत दिला, परत विचारलं तर स्टोअररूम हलवली तेव्हा गेला असेल. वडिलांची तब्येत दुसऱ्या बायोप्सीची नव्हती. टेस्ट झालीच नाही. यात गुन्हेगार असा कुणी नव्हता, नुसतं रजिस्टर नव्हतं. केसपेपर मागितले की ७२ तासांत द्यायचे असा मेडिकल कौन्सिलचा २००२ चा नियम आहे, तोच तत्परपणा ब्लॉकला का नको? कुठल्या पेशंटचे किती ब्लॉक, कुठल्या रॅकवर, कधी कुणाला दिले, सही, एवढी वही पुरते. आणि पत्र्याच्या छताखाली ब्लॉक ठेवू नका, मे महिन्यात मेण मऊ होऊन ब्लॉक एकमेकांना चिकटलेले असतात.

अमेरिकेत डिसायफर, प्रोलॅरिस, ऑन्कोटाइप अशा टेस्ट निघाल्यात, डिसायफर २२ जीन बघते, ऑन्कोटाइप १७. चांगल्या आहेत, पण मुख्यतः तिकडच्याच पेशंटवर तयार झाल्यात आणि आपल्या सामान्य माणसाला न परवडणाऱ्या आहेत. आपल्या माणसांत कुठला मार्कर खरा ठरतो हे आपल्यालाच बघावं लागेल, आणि ते बघायला लागतात ते जुने ब्लॉक आणि त्या पेशंटचं पुढे काय झालं याची नोंद. दुसऱ्या गोष्टीत तर महाराष्ट्र पुढे आहे. देशातली पहिली कॅन्सर रजिस्ट्री मुंबईत १९६३ ला सुरू झाली, ग्रामीण भागातली पहिली बार्शीत १९८७ ला. टाटा मेमोरियलमध्ये टिश्यू जपून ठेवायची व्यवस्था आहे. पण जिल्ह्या-जिल्ह्यांत पडलेले हजारो ब्लॉक असेच जातात. लॅन्सेटच्या कमिशननं २०२४ ला सांगितलं की जगात प्रोस्टेट कॅन्सरचे नवे पेशंट २०२० मध्ये वर्षाला १४ लाख होते ते २०४० पर्यंत २९ लाख होतील, आणि वाढ जास्त आपल्यासारख्या देशांत. म्हणजे आज जपलेले ब्लॉक आणखी दहा-पंधरा वर्षांनी लागणार आहेत.

महात्मा फुले जनआरोग्य योजना बघणाऱ्या मंडळींनीही हे वाचलं तर बरं. कॅन्सरच्या उपचाराला मंजुरी देताना बायोप्सी रिपोर्ट तुमच्याकडे येतोच. त्यात ग्रेड ग्रुप आणि कोअरचा हिशेब नसेल तर फाइल परत पाठवा. महिनाभर थोडी आरडाओरड होईल, मग सगळे लिहायला लागतील, पैशाशिवाय काही हलत नाही हे आपण सगळेच जाणतो.

आणि युरोलॉजिस्ट मंडळी, बाटल्यांचं म्हणाल तर तुमच्या पुढच्या बायोप्सीच्या आदल्या दिवशी लॅबला एक फोन करा. फॉर्मॅलिन भरलेल्या, उजवा-डावा लेबल लावलेल्या बाटल्या आम्ही पाठवून देऊ, बारा नाही तर निदान सहा तरी. बहुतेक लॅब त्याचे वेगळे पैसेही मागणार नाहीत. फॉर्मवर पीएसए तेवढा लिहा.

आपली,
एक हिस्टोपॅथॉलॉजी टेक्निशियन